ऑप्शन फॉर्म भरण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बारावीचा निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल या सदराकडे येणारी पत्रं एकाच वाटेने जातात : कॉम्प्युटर, कॉलेज आणि 'नोकरी लागेल ना?' ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी, भरण्याआधी वाचावीत म्हणून त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरांतले नियम २०२५ च्या प्रवेशप्रक्रियेतले आहेत. राज्याचा सीईटी कक्ष दर वर्षी नवी माहितीपुस्तिका काढतो. तिच्यात आणि आमच्या उत्तरात फरक दिसला, तर पुस्तिका प्रमाण.

प्रश्न : मुलासाठी पुण्याजवळची दोन खासगी कॉलेजं पाहून आलो. एकाच्या फाटकावरच फलक आहे, 'सर्वोच्च पॅकेज ४४ लाख, प्लेसमेंट ९२ टक्के'. दुसऱ्याने असं काहीच लावलेलं नाही, विचारलं तर 'वेबसाइटवर बघा' म्हणाले. पहिल्याकडे मन ओढतंय. चूक होतेय का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : फलक खोटा असेलच असं नाही, पण तुमच्या कामाचा नाही. ४४ लाख ही एका मुलाची गोष्ट आहे आणि ते मूल कुठल्याही कॉलेजात चमकलं असतं. ९२ टक्क्यांचा प्रश्न वेगळा आहे : ९२ टक्के कशाचे? अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही.

छेद शोधायची एक सोपी जागा आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी अर्ज करणाऱ्या कॉलेजांना भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. क्रमवारीत नंबर आला नसला तरी ही फाइल असते. वेबसाइटच्या तळाशी 'एनआयआरएफ' अशी बारीक अक्षरांतली लिंक शोधा, इंजिनिअरिंग विभागाची ताज्या वर्षाची पीडीएफ उघडा आणि चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचा तक्ता काढा. एकाच ओळीत सगळं मिळतं : पहिल्या वर्षाला किती मुलं आली, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला किती, त्यांतली ठरलेल्या मुदतीत किती पास झाली, किती जणांना नोकरी लागली, लागलेल्यांचा मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेली.

समजा, पहिल्या वर्षाला ४८० आणि थेट दुसऱ्या वर्षाला ६० मुलं आली, म्हणजे ५४०. मुदतीत पास झाली ३९०. नोकरी लागली २४० जणांना, उच्च शिक्षणाला गेली ४०. आता ५४० पैकी ३९० म्हणजे ७२ टक्के मुलंच वेळेत बाहेर पडली आणि आलेल्या मुलांपैकी ४४ टक्क्यांना कॉलेजातून नोकरी मिळाली. मग ९२ टक्के आले कुठून? प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेली आणि कंपन्यांच्या अटींत बसणारी मुलं २६० धरली की २४० भागिले २६० म्हणजे बरोब्बर ९२. दोन्ही आकडे खरे आहेत. तुमच्या मुलाला लागू होणारा ४४ टक्क्यांचा, कारण तो २६० मध्ये असेल की नाही हे आज कुणालाच माहीत नाही.

मध्यक पगार हाच त्या तक्त्यातला सगळ्यांत मोलाचा आकडा. सरासरी एका ४४ लाखांनी फुगते, मध्यक फुगत नाही. नोकरी लागलेल्या मुलांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधल्या मुलाला काय मिळतं, ते तो सांगतो. मात्र दोन मर्यादा लक्षात ठेवा. तो फक्त नोकरी लागलेल्यांचा आहे. आणि तक्ता सगळ्या ब्रँचेसचा एकत्र आहे, सिव्हिल आणि कॉम्प्युटर एकाच ओळीत. म्हणून ब्रँचनिहाय यादी ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे, म्हणजे टीपीओकडे वेगळी मागा.

ती यादी हाती आली की पाहायचं काय? एकाच मुलाला तीन ऑफर असतील तर तीन मोजल्यात की एक? एकाच संस्थेची चार कॉलेजं असतील तर माहितीपत्रक चारांचं मिळून आहे का? (बहुतेक वेळा असतं.) 'इंटर्नशिप अधिक नोकरी' असं लिहिलंय तिथे इंटर्नशिपनंतर खरोखर किती जण रुजू झाले?

आणि पॅकेज म्हणजे पगार नव्हे. ६ लाखांचं सीटीसी, म्हणजे कंपनीचा मुलावरचा वर्षाचा एकूण खर्च, असं फुटू शकतं : निश्चित पगार ४ लाख ६० हजार, कामगिरीवर मिळणारा भाग ६० हजार, पहिल्याच वर्षापुरता जॉइनिंग बोनस ५० हजार, कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून ३० हजार. घरी बसून आपण ६ लाख भागिले १२ करतो आणि ५० हजार म्हणतो. प्रत्यक्षात महिन्याला ३८ हजारांच्या आसपास, त्यातूनही मुलाचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून जातो.

दुसऱ्या कॉलेजने 'वेबसाइटवर बघा' म्हटलं ना? मग बघा. आधी तिथलीच पीडीएफ उघडा.

प्रश्न : एका जुन्या सरकारी कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळेल असं गेल्या वर्षीच्या कटऑफवरून दिसतं. त्याच गुणांवर चार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय. मला सॉफ्टवेअरमध्येच जायचंय. सगळे म्हणतात ब्रँच सोडू नकोस.
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : 'ब्रँच की कॉलेज' या वादाचं एकच उत्तर नसतं, पण तुमच्या बाबतीत ते शोधता येतं. दोन्ही कॉलेजांच्या टीपीओकडे किंवा शेवटच्या वर्षाच्या मुलींकडे गेल्या दोन वर्षांच्या भरतीच्या नोटिसा मागा. प्रत्येक नोटिशीत 'पात्र शाखा' असा रकाना असतो. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या सेवा कंपन्या बहुधा सगळ्या शाखा घेतात. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या अनेकदा कॉम्प्युटर, आयटी आणि ईएनटीसी एवढ्यावर थांबतात, काही ईएनटीसीही घेत नाहीत. सरकारी कॉलेजात आलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक नोटिशींत ईएनटीसी दिसलं, तर आम्ही सरकारी कॉलेज घेऊ. तिथे येणाऱ्या कंपन्या, आधीच्या तुकड्यांची माणसं आणि कमी फी या तीन गोष्टी नव्या कॉलेजात चार वर्षांत उभ्या राहत नाहीत.

याची किंमतही ठाऊक असू द्या. ईएनटीसीच्या वेळापत्रकात सिग्नल्स, व्हीएलएसआय, कम्युनिकेशन यांचा भार असतो. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय आठवड्याला आठ-दहा तास स्वतः काढून शिकावे लागतील, तेही दुसऱ्या वर्षापासून. सातव्या सेमिस्टरला सुरुवात केली तर गाडी सुटलेली असते. कॉलेजात कॉम्प्युटरची 'मायनर' (मुख्य शाखेच्या जोडीची) पदवी असेल तर ती घ्या. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या आराखड्यात ती १८ ते २० जादा क्रेडिटची आहे. फिजिक्स आणि सर्किट यांचा मनापासून कंटाळा असेल तर मात्र ईएनटीसी नको. चार वर्षं नावडत्या विषयांत नापास होऊन केट्या लागल्या तर 'एकही बॅकलॉग नको' या अटीवरच कंपन्या बाहेर ठेवतात.

'दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलून घेऊ' या भरवशावर प्रवेश घेऊ नका. बदल रिकाम्या जागांवर होतो आणि कॉम्प्युटरच्या जागा सहसा रिकाम्या होत नाहीत.

नव्या कॉलेजाला भेट द्यायची तर रविवारी, पाहुणचाराच्या दिवशी नको. मंगळवार-बुधवारी दुपारी दोननंतर जा आणि लॅबमध्ये डोकवा. किती मशिन चालू आहेत, मुलं कोड लिहितायत की फाइलमध्ये राइट-अप उतरवतायत, एवढं दाराबाहेरूनही दिसतं. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना तीन गोष्टी विचारा : गेल्या आठवड्यात किती प्रॅक्टिकल प्रत्यक्ष झाली, ऑपरेटिंग सिस्टिम कोण शिकवतं, आणि चालू सेमिस्टर अर्धवट टाकून किती शिक्षक गेले. तिसऱ्या प्रश्नाला 'दोन-तीन' असं सहज उत्तर आलं तर परतीची एसटी धरा.

प्रश्न : एआय-डीएस (डेटा सायन्स), एआय-एमएल (मशिन लर्निंग), सायबर सिक्युरिटी, आयओटी... साधं कॉम्प्युटर घ्यावं की यांतलं काही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाव झाका आणि अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे सात विषय पूर्ण आहेत का आणि त्यांतल्या निदान चारांना वेगळी लॅब आहे का, ते पाहा. असतील तर नाव काहीही चालेल, कारण नोकरीच्या मुलाखतीत विचारलं जातं ते यातलंच. यांतले दोन-तीन गाळून 'बिग डेटा' आणि 'डीप लर्निंग' भरलं असेल तर पाया कच्चा राहतो. एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे गेटला, २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, त्यामुळे पुढे एमटेक करायचं असेल तर या ब्रँचची अडचण उरलेली नाही.

दुसरी तपासणी शिक्षकांची, आणि ती जास्त महत्त्वाची. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढली. कॉम्प्युटर आणि तिच्या भावंडांच्या तुकड्या वाढल्या. शिक्षक त्याच वेगाने वाढतात का, हे ज्याचं त्याने मोजायचं. हिशेब सोपा आहे. एका शाखेच्या १८० जागा, दुसरं ते चौथं वर्ष मिळून ५४० मुलं, थेट दुसऱ्या वर्षाची वेगळी. वीस मुलांमागे एक शिक्षक धरला तर २७ हवेत. विभागाच्या पानावरची नावं मोजा. तेच पंधरा जण कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डीएस तिन्ही पानांवर दिसले, तर काय समजायचं ते तुम्हीच समजा.

एनबीए मानांकन विचारताना ते कोणत्या शाखेचं आहे, हे विचारायला विसरू नका. नॅक संपूर्ण संस्थेला मिळतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय नव्या शाखेला एनबीए मिळतच नाही, म्हणून 'आमचं कॉलेज एनबीए' या वाक्यातली मान्यता मेकॅनिकलची असू शकते.

प्रश्न : कटऑफच्या यादीत जीओपनएस, जीओपनएच, एलओपनओ असं काय काय लिहिलेलं असतं. मी लातूरची शाळा केली, बारावी पुण्यातून. नेमकी कोणती ओळ माझी?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग : ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातली मुलं, ओ म्हणजे राज्यातल्या इतर विद्यापीठक्षेत्रांतली, एस म्हणजे राज्यस्तरीय, जिथे हा भेदच नाही. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय पाहाल तर एस दिसेल.

तुमचं होम विद्यापीठ शाळेवरून ठरत नाही. महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्या आणि इथल्याच अधिवासी मुलांसाठी ते बारावी जिथून केली त्यावरून ठरतं. म्हणजे पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून फॉर्म भरला असेल तर तुम्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे, मग पुणे-नाशिक-अहिल्यानगरच्या कॉलेजांत एच ओळ पाहा. क्लास पुण्यात आणि बारावीचा फॉर्म लातूरच्या कॉलेजातून असेल तर मात्र तुमचं होम विद्यापीठ नांदेडचं आणि पुण्याला तुमची ओळ ओ. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं कॉलेज पाहिलं की शंका राहत नाही.

कटऑफ पाहताना पर्सेंटाइलपेक्षा मेरिट क्रमांकाकडे लक्ष द्या. यादीत दोन्ही छापलेले असतात, आधी क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. चार लाख मुलं परीक्षेला बसली तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं, बसणाऱ्यांचा आकडा बदलला की त्याच पर्सेंटाइलला वेगळा क्रमांक येतो. शिवाय तुलना त्याच फेरीची करा. गेल्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीचा आकडा धरून यंदाच्या पहिल्या फेरीत निराश होणारे पुष्कळ असतात.

ऑप्शन फॉर्मचा क्रम मात्र आवडीचाच ठेवा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. वाटप तुमच्या यादीच्या वरून खाली येतं. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. २०२५ मध्ये यात एक मेख होती : पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तेच. पुढच्या फेरीचा रस्ता बंद. म्हणून 'भरून तर ठेवू' अशा वृत्तीने वरच्या सहा जागा भरू नका. जिथे जायला तुमची खरोखर तयारी आहे, तीच नावं तिथे हवीत. बेटरमेंटला, म्हणजे मिळालेली जागा राखून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत, गेलात आणि वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही.

जेईई मेन दिली असेल तर तो गुणांक फॉर्ममध्ये भरा. खासगी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा त्यावर भरतात आणि महाराष्ट्रातली मुलंही त्यासाठी पात्र असतात.

प्रश्न : आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख. मुलीला एका खासगी विद्यापीठाने 'स्कॉलरशिप देऊन' कॉम्प्युटरला घ्यायची तयारी दाखवली आहे आणि आठवड्यात पैसे भरायला सांगितलंय. कॅपची (सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांची) वाट पाहावी का?
– एक आई, जळगाव

उत्तर : वाट पाहा. घाई त्यांची आहे, तुमची नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेला हे लागू नाही आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. त्यांच्या 'स्कॉलरशिप'चा कागद नीट वाचा : पहिल्या वर्षापुरती आहे का, दर सेमिस्टरला ठरावीक सीजीपीए (गुणांची सरासरी) टिकवायची अट आहे का. पहिल्या सेमिस्टरला गणिताने दगा दिला की चारही वर्षांचं गणित फिरतं. कॅपच्या खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्याच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय दिसते.

कागद मात्र आत्ताच काढा. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र चालू मुदतीचं हवं, ते ३१ मार्चला संपतं. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज करून पावती ठेवा, पण पावतीवर दिलेली मुदत टळली तर प्रवर्ग जाऊन मुलगी खुल्या यादीत जाते आणि मिळालेली जागाही हातची जाऊ शकते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो.

ऑप्शन फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या) जागाही भरा. चॉइस कोडच्या शेवटी टी असतो, उत्पन्नमर्यादा तीच ८ लाख, जागा मंजूर संख्येवर ५ टक्के जादा. तिथे फक्त शिक्षण शुल्क माफ होतं आणि नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. तुमच्या मुलीला वरचा शासन निर्णय लागू असल्याने टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ वर दिसला तरी घाबरायचं कारण नाही. मुलासाठी वाचणाऱ्यांनी मात्र तो कोड विसरू नये. मुलांना राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गात ५० टक्केच मिळतात.

माफी होते ती फीची. पुण्यात राहणं, मेस आणि प्रवास हा खर्च तसाच राहतो, आणि चार वर्षांत तो अनेकदा फीच्या पुढे जातो. जळगाव-धुळ्याकडचं चांगलं कॉलेज यादीत ठेवण्याला हेही एक कारण आहे.

प्रश्न : इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेसाठी कॉलेजच्या ओळखीतल्या माणसाने पावतीशिवाय ३ लाख मागितलेत. देऊन टाकावेत का?
– नाव नको, ठाणे

उत्तर : नाही. कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीवर प्रवेशासाठी पैसे, घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागाही जाहिरात देऊन, अर्ज मागवून गुणवत्तेनेच भरायच्या असतात. कॉलेजात स्वतः जाऊन अर्ज द्या, पोच घ्या, गुणवत्ता यादी लागेल तेव्हा तिचा फोटो काढा. तुमच्याखालच्या क्रमांकाला जागा मिळाली तर तक्रारीला तोच पुरावा. मधल्या माणसाच्या हाती दिलेल्या रोख पैशाचा पुरावा नसतो आणि जागा मिळाली नाही तर तो फोनही उचलत नाही.

प्रश्न : कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. थेट दुसऱ्या वर्षाला चांगलं कॉलेज मिळायला काय पाहतात?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : अंतिम वर्षाचे टक्के, म्हणून पाचवं आणि सहावं सेमिस्टर हीच तुमची प्रवेशपरीक्षा. सीईटी लागत नाही. जागा किती? मंजूर संख्येच्या १० टक्के जादा, अधिक पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर रिकामं राहत नाही, म्हणजे ६० च्या तुकडीत तुमच्यासाठी सहा, आणि त्यावर प्रवर्गांची विभागणी. त्यामुळे यादी मोठी भरा.

पडझड होते ती गणितात. पहिल्या वर्षाची दोन इंजिनिअरिंग गणितं तुम्ही केलेली नसतात आणि तिसरं थेट समोर येतं. डिप्लोमाचा निकाल आणि कॉलेज सुरू होणं यांमधल्या आठवड्यांत आंशिक विकलन, दुहेरी-तिहेरी समाकलन, मॅट्रिक्स आणि विकलक समीकरणं एवढं करून ठेवा. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र तुम्ही बारावीवाल्यांच्या दोन पावलं पुढे असाल.

प्रश्न : सीईटी चांगली गेली नाही. बीएस्सी कॉम्प्युटर किंवा बीसीए करून आयटीत जाता येतं का, की कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिरावं?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तळाच्या इंजिनिअरिंग कॉलेजापेक्षा चांगलं विज्ञान महाविद्यालय बरं, असं आमचं मत आहे. पण हा रस्ता तीन वर्षांचा नसून पाच वर्षांचा धरा : तीन वर्षं पदवी, मग दोन वर्षं एमसीए. एमसीएला वेगळी सीईटी असते आणि बारावी किंवा पदवीला गणित असलेलं बरं. गणित सोडून बीसीए घेणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. बीसीएलाही २०२४ पासून राज्यात सीईटी आहे, तिचा फॉर्म चुकवू नका.

पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल तर मोठ्या सेवा कंपन्या बीएस्सी-बीसीएवाल्यांना वेगळ्या योजनांतून घेतात. काही कंपन्या नोकरीसोबत एमटेकही करून देतात. पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो आणि करार काही वर्षांचा, त्याची मुदत आणि मोडल्यास भरायची रक्कम सही करण्याआधी वाचा. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के ही अट अनेक ठिकाणी भेटते. बारावीला ५८ असतील तर अशी दारं मागाहून उघडत नाहीत, म्हणून पदवीला तरी ६० च्या खाली येऊ नका.

सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक अभ्यासक्रम आयटीत शिरण्याचा जुना, खात्रीचा जिना आहे, पण नुसत्या बीएस्सी-बीसीएवर तो मिळत नाही. बीई किंवा एमसीएसारखी पात्रता लागते. आयआयटी मद्रासची २०२१ साली सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी बीएस्सीच्या जोडीने करता येते. तिची शिकवणी घरी बसून होते, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि दोन्हीकडचं वेळापत्रक एकाच महिन्यात आदळतं. पहिल्या सत्राला विषय कमी घ्या.

प्रश्न : लॅपटॉप कोणता घ्यावा?
– तीन वाचक, तीन गावं

उत्तर : आत्ता नको. पहिल्या वर्षाचं सी प्रोग्रॅमिंग कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरच्या जुन्या मशिनवर भागतं. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर घ्या : १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ८ जीबीचं घेणार असाल तर रॅम नंतर वाढवता येते का, ते दुकानातच विचारा. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच चिकटवलेली असते. ग्राफिक्स कार्डासाठी जादा पैसे घालू नका. एआय शिकणाऱ्यांचं सुरुवातीचं काम ब्राउझरमधल्या फुकट नोटबुकवर होतं, आणि ते कार्ड प्रत्यक्षात कशासाठी वापरलं जातं हे होस्टेलमध्ये कुणालाही विचारा.